मंडाले आणि बगानची सहल : नाशिकच्या एका छोट्या सहल संस्थेचा अनुभव

गंगापूर रोडवरच्या एका लहानशा कार्यालयात, आम्ही पैसे भरण्याच्या आधी, संचालिकाबाईंनी टेबलावर म्यानमारचा मोठा नकाशा पसरला आणि लाल पेन्सिलीने त्याच्या निम्म्याहून अधिक भागावर तिरप्या रेघा मारल्या. "रेघांच्या भागात आपण पाऊल ठेवणार नाही. उरलेल्या भागातही निघायच्या दिवशी परिस्थिती हीच असेल, अशी हमी मी देत नाही," असे त्यांनी सांगितले. मी आजवर चार-पाच सहल संस्थांबरोबर हिंडलो आहे. परंतु काय पाहायला मिळणार नाही याची यादी पहिल्याच भेटीत कोणी माझ्या हाती दिली नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये केलेल्या या नऊ दिवसांच्या सहलीचे परीक्षण मी लिहितो आहे ते मुख्यतः या यादीमुळे. जिथे लढाई चालू आहे अशा देशात नेणाऱ्या संस्थेची पारख दाखवलेल्या स्थळांवरून जेवढी होते, त्याहून अधिक ती वगळलेल्या स्थळांवरून आणि ती का वगळली हे वेळेत सांगण्यावरून होते, असे माझे मत झाले आहे.

जाण्याचा हट्ट माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा होता. ताईचे वय ६८. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहिले, ही गोष्ट आमच्या आजोबांनी तिला लहानपणी इतक्या वेळा सांगितली होती की ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे हे तिच्या मनात पन्नास वर्षे होते. संचालिकाबाईंना तिने हे सांगितले तेव्हा त्यांनी वही बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, कोठडी बघायला मिळणार नाही, हे आजच सांगते, तिथे गेल्यावर हळहळ नको. किल्ल्याच्या आवाराचा बहुतेक भाग सैन्याकडे आहे आणि परदेशी माणसाला ठरलेली वाट सोडून जाता येत नाही. तुम्ही खंदकाच्या काठावर उभ्या राहाल, तेवढेच." ताई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग "तेवढे पुरे," म्हणाली. गिऱ्हाईक हातचे जाईल याची तमा न बाळगता दिलेले ते उत्तर मला फार मोलाचे वाटले.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये सैन्याने सत्ता हाती घेतली आणि त्यानंतर देशाच्या मोठ्या भागात सैन्य, वांशिक सशस्त्र संघटना आणि लोकशाहीवादी तरुणांची दले यांच्यात लढाई पेटली. राखाइन प्रांतात जाऊ नये, असा इशारा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या नागरिकांना दिला. त्यातच २८ मार्च २०२५ रोजी मंडाले आणि सगाइंगच्या परिसरात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि युद्धाने पिचलेल्या लोकांवर दुसरा घाला पडला. अशा देशात पर्यटक म्हणून जावे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात महिनाभर चर्चेत होता. माझ्या मुलाचा स्पष्ट विरोध होता, आणि तो चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही.

सहलीचे शुल्क माणशी १ लाख ४२ हजार रुपये होते आणि त्यात मुंबई-बँकॉक-यांगून हा विमानप्रवास, देशांतर्गत तीन विमाने, निवास, न्याहारी, रात्रीचे जेवण आणि स्थानिक वाटाड्या यांचा समावेश होता. आम्ही अकरा जण होतो. यांगून, बगान आणि मंडाले ही तीनच ठिकाणे होती आणि त्यांच्या दरम्यान सर्व प्रवास विमानाने होता. बगानहून मंडालेला मोटारीने गेलो असतो तर माणशी काही हजार रुपये वाचले असते, परंतु त्या पट्ट्यात चकमकी होत असल्यामुळे संस्थेने रस्ता मुळातच विचारात घेतला नव्हता. इन्ले सरोवर आणि क्यैकटियोची सोनेरी शिळा ही एरवी प्रत्येक सहलीत असणारी स्थळे वगळलेली होती. इरावती नदीतून सूर्यास्ताच्या वेळी होडीने फिरण्याचा कार्यक्रमही नव्हता, कारण संचालिकाबाईंना पलीकडच्या तीराबद्दल खात्री वाटत नव्हती. सोबतच्या दोघांनी यावर नाराजी व्यक्त केली. मला मात्र निर्णय योग्य वाटला.

यांगूनबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथला मुक्काम दीड दिवसाचाच होता. श्वेडगॉनचा सुमारे ९९ मीटर उंचीचा सोन्याने मढवलेला स्तूप मावळतीच्या उन्हात पाहण्याची वेळ संस्थेने नेमकी साधली होती. तिथे मोजेसुद्धा काढावे लागतात आणि संगमरवरी फरशी दुपारी तापते, तेव्हा चारनंतर जाणेच बरे. स्तूपाभोवती जन्मवाराप्रमाणे आठ स्थाने आहेत. बुधवारचे सकाळ आणि दुपार असे दोन भाग मानतात म्हणून सातांची आठ होतात. ताईचा जन्म गुरुवारचा, म्हणून वाटाड्याने तिला पश्चिमेकडच्या उंदराच्या स्थानापाशी नेले आणि तिथल्या बुद्धमूर्तीवर पाणी कसे घालायचे ते हाताला धरून दाखवले. दुसऱ्या दिवशी बहादूरशहा जफरच्या दर्ग्यात गेलो. १८६२ मध्ये इंग्रजांच्या कैदेत असतानाच तो वारला, त्याची कबर मुद्दाम ओळखू न येईल अशी ठेवली गेली आणि खरी जागा १९९१ मध्ये खोदकाम चालू असताना सापडली. वाटाड्याने हे सगळे शांतपणे आणि नेमके सांगितले. मात्र तिथे अर्धाच तास मिळाला, तो कमी होता.

बगानला तीन दिवस दिले होते आणि सहलीचा हा सर्वांत उत्तम आखलेला भाग होता. अकराव्या शतकात अनव्रत राजाच्या काळापासून पुढे अडीचशे वर्षे या पठारावर देवळे, स्तूप आणि विहार बांधले जात राहिले आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक वास्तू आजही नोंदलेल्या आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्या पांडवलेणीच्या पायऱ्या लहानपणापासून चढलेल्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच जाणवते. आपल्याकडे डोंगर कोरून आत पोकळी काढली, तर इथे सपाट माळावर वीट रचून, कमानी वळवून आत तोच गारवा आणि तोच अंधार उभा केला. आनंद मंदिरात चारी दिशांना चार उभे बुद्ध आहेत. दक्षिणेकडच्या मूर्तीसमोर वाटाड्याने आम्हांला आधी दूर, दाराजवळ थांबवले आणि मग एकेक पाऊल पुढे यायला सांगितले. दुरून ओठांवर स्पष्ट हसू दिसते. पायांशी येऊन वर पाहिले की तोच चेहरा गंभीर होतो. हे त्याने आधी सांगितले नाही, आम्हांला स्वतः पाहू दिले, आणि त्यानंतर सबंध गट बराच वेळ बोलला नाही. देवळांवर चढण्यास आता बंदी आहे. त्याऐवजी मातीचे उंचवटे तयार केलेले आहेत आणि तिथून सूर्योदय चांगला दिसतो. संस्थेने दोन पहाटा राखून ठेवल्या होत्या, हे चांगले केले, कारण पहिल्या दिवशी दाट धुके होते.

बगानमधल्या एका लाखकामाच्या कारखान्यात नेले तेव्हा खरेदीचा आग्रह होईल अशी मला धास्ती होती, पण तसे झाले नाही. बांबूच्या बारीक काड्या आणि घोड्याचे केस विणून वाटीचा सांगाडा करतात आणि त्यावर थिट्सी नावाच्या झाडाच्या काळ्या चिकाचे एकावर एक थर चढवतात. प्रत्येक थर तळघरात वाळू द्यावा लागतो, त्यामुळे एका चांगल्या वाटीला काही महिने जातात. तिथल्या वयस्कर बाईंनी एक वाटी ताईच्या हातात दिली आणि तिच्या कडा दोन बोटांनी दाबायला खुणेने सांगितले. ताई घाबरत होती. बाईंनी तिच्या बोटांवर आपली बोटे ठेवून दाबले, तेव्हा वाटीच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींना टेकल्या आणि सोडताच वाटी पुन्हा गोल झाली. कारखान्यात आठ पाट मांडलेले होते, त्यांपैकी तीनच भरलेले, आणि बसलेल्या सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या बायका. बाकीचे पाट कोणाचे, असे मी विचारले तेव्हा वाटाड्याने बाहेर आल्यावर, गाडीचे दार लावून, सांगितले की फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा अमलात आल्यापासून १८ ते ३५ या वयाची मुले गावात राहत नाहीत. ती वाटी आम्ही घेतली. तिची किंमत आमच्या रुपयांत तीन हजारांच्या आसपास पडली आणि तिच्यावर घासाघीस करावी असे आम्हा दोघांनाही वाटले नाही.

याच मुक्कामात घडलेला एक प्रसंग संस्थेच्या नजरेस आणून देणे आवश्यक आहे. बाजारातल्या चहाच्या दुकानात आमच्यातल्या एका गृहस्थांनी वाटाड्याला मोठ्या आवाजात, इंग्रजीतून, सैन्याबद्दल त्याचे मत विचारले. त्याने कप खाली ठेवला, शेजारच्या टेबलाकडे एकदा पाहिले आणि आज ऊन किती आहे याविषयी बोलायला सुरुवात केली. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना कळवळ्यानेच विचारायचे होते. परंतु आपण आठ दिवसांनी कसारा घाट चढून घरी येणार असतो आणि त्या माणसाला त्याच गावात राहायचे असते. सैनिक, तपासणी नाकी आणि सरकारी इमारती यांची छायाचित्रे काढू नयेत हे निघण्याआधीच्या बैठकीत ठासून सांगितले होते. चारचौघांत राजकारणाचा विषय काढू नये, हे मात्र छापील सूचनांमध्ये शेवटच्या पानावर एका ओळीत होते. ते पहिल्या पानावर यायला हवे, आणि कारणासह यायला हवे.

मंडालेत उतरल्यावर भूकंपाच्या खुणा लपत नाहीत. विमानतळावरून शहरात येताना मधूनच रिकामे प्लॉट, विटांचे ढीग आणि ताडपत्रीखाली राहणारी कुटुंबे दिसली. इन्वा येथील राणी मे नू हिचा एकोणिसाव्या शतकातला विटांचा मठ आणि सगाइंगचा १९३४ सालचा जुना आवा पूल हे दोन्ही भूकंपात कोसळले. संस्थेच्या माहितीपत्रकावर त्या मठाचे अखंड रूपातले छायाचित्र अजून छापलेले होते. बैठकीत तो पडल्याचे तोंडी सांगितले गेले, हे खरे, परंतु जे फक्त पत्रक पाहून चौकशी करतील त्यांची दिशाभूल होते. महामुनी मंदिरात दुरुस्ती चालू होती आणि परातीसारख्या टोपल्यांतून विटा वाहणाऱ्या लोकांच्या रांगेमधूनच भाविक दर्शनाला जात होते. आम्ही तिथे वीस मिनिटे थांबलो आणि वाटाड्याने आम्हांला बाजूने, कामाच्या आड न येता नेले.

मंडालेतील माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी वास्तू म्हणजे श्वेनानडॉ हा सागवानी मठ. मूळचे हे राजवाड्यातले दालन होते. मिंडॉन राजा १८७८ मध्ये त्यातच वारला, म्हणून त्याचा मुलगा थिबा याने ते उतरवून घेतले आणि राजवाड्याच्या बाहेर नेऊन मठ म्हणून पुन्हा उभे केले. १९४५ मध्ये इंग्रज आणि जपानी सैन्यांच्या लढाईत मूळ राजवाडा जळून गेला आणि हे दालन बाहेर होते म्हणूनच वाचले. भिंती, दारे, छत, कुठेही नखभर जागा कोरीवकामावाचून नाही. पूर्वी असलेला सोन्याचा मुलामा बाहेरून झडला आहे आणि उन्हापावसाने काळवंडलेले सागवान उघडे पडले आहे. हाच थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि रत्नागिरीत कैदेत राहून १९१६ मध्ये तिथेच गेला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस मी शाळेच्या सहलीत पाहिला होता. त्या माणसाच्या हातून वाचलेली ही एवढी वास्तू पाहिल्यावर तो पॅलेस मला पुन्हा पाहावासा वाटू लागला आहे. स्थानिक वाटाड्याला रत्नागिरीचे नाव पाठ होते. तो ते 'यदनागिरी' असे म्हणत होता आणि तिथे समुद्र आहे का, हे त्याने मला दोनदा विचारले.

किल्ल्याची तटबंदी प्रत्येक बाजूने सुमारे दोन किलोमीटर लांब आहे आणि भोवती रुंद खंदक आहे. भूकंपात तटाचे काही भाग ढासळले आहेत. संध्याकाळी साडेचारला आम्ही खंदकाच्या काठावर उभे राहिलो. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, १९१२ मध्ये ते इथे असतानाच सत्यभामाबाई पुण्यात वारल्या आणि १९१४ च्या जूनमध्ये त्यांची सुटका झाली, हे ताईने गटातल्या सर्वांना सांगितले. सहल व्यवस्थापक मुलगा पंचविशीचा होता. त्याने कार्यक्रमात या ठिकाणासाठी वीस मिनिटे ठेवली होती. ताई बोलायला लागल्यावर त्याने बस थांबवून ठेवली आणि कोणालाही घाई केली नाही. पिशवीतून आणलेले आजोबांचे जुने पुस्तक तिने उघडले नाही, नुसते हातात धरून उभी राहिली. त्याने जवळ येऊन विचारले, "काकू, फोटो काढू का? पुस्तकासकट, पण तट मागे येणार नाही असा." सूचनांचे पालन आणि माणसाची कदर या दोन्ही गोष्टी त्या एका वाक्यात होत्या. तो फोटो आता ताईच्या दिवाणखान्यात आहे. मागे फक्त पाणी आणि आकाश आहे.

निवासव्यवस्था साधी आणि स्वच्छ होती. वीज दिवसातून अनेकदा जाते, जनरेटर रात्री अकराला बंद होई, तेव्हा विजेरी सोबत हवी. रात्री आठनंतर कोणी बाहेर पडायचे नाही हा नियम व्यवस्थापकाने अखेरपर्यंत पाळायला लावला. कार्डे जवळजवळ कुठेच चालली नाहीत; अमेरिकन डॉलरच्या नव्या, घडी न पडलेल्या नोटाच घेतात आणि संस्थेने त्या आम्हांला प्लॅस्टिकच्या पाकिटात सपाट ठेवायला सांगितल्या होत्या. फेसबुक तिथे फेब्रुवारी २०२१ पासून बंद आहे, म्हणून घरच्यांशी रोज संपर्क होईलच असे गृहीत धरू नये. संस्था रोज रात्री नाशिकच्या कार्यालयातून प्रत्येकाच्या घरी फोन करून खुशाली कळवत होती, याचा घरच्यांना मोठा आधार वाटला. शाकाहारी माणसाने 'थे-था-लु' हा शब्द शिकून घ्यावा. शान पद्धतीचे गरम टोफू सोयाबीनचे नसून हरभऱ्याच्या पिठाचे असते. पहिला घास घेताच ताई म्हणाली, "अरे, हे तर आपलं पिठलं!" आणि पुढचे चार दिवस तिने सकाळी तेच मागितले.

आता माझी मुख्य तक्रार. शुल्कात प्रवासविमा समाविष्ट आहे असे आम्हांला सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. परंतु विम्याची कागदपत्रे निघण्याच्या चार दिवस आधी हातात आली आणि ती वाचताना माझ्या लक्षात आले की युद्ध, अंतर्गत सशस्त्र संघर्ष आणि त्यातून उद्भवणारी कोणतीही हानी यांना त्यात संरक्षणच नाही. आजारपण आणि हरवलेले सामान यांची भरपाई मिळाली असती. पण विमानतळ बंद पडून अडकलो असतो किंवा कोणाला इजा झाली असती तर एक रुपयाही मिळाला नसता. मी फोन केला तेव्हा संचालिकाबाईंनी मान्य केले की हे त्यांना ठाऊक होते आणि बैठकीत सांगायचे राहून गेले. ज्यांनी नकाशावर रेघा मारून इतके स्पष्ट सांगितले, त्यांच्याकडून हीच गोष्ट राहावी याचे मला फार वाईट वाटले. साधारण प्रवासविम्यात हे कलम बहुतेक वेळा असतेच. म्हणून तर अशा देशाच्या सहलीत ते पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे. त्या चार दिवसांत मी आणि ताईने पुन्हा एकदा बसून विचार केला आणि जायचे ठरवले, पण तो निर्णय पैसे भरण्याच्या आधी करण्याचा आमचा हक्क होता.

पैसे कोणाकडे जातात, हा प्रश्नही मी संस्थेला विचारला होता. व्हिसाशुल्क आणि स्थळांची प्रवेशशुल्के राजवटीकडेच जातात, ते टाळता येत नाही, असे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. निवास, गाड्या, जेवण आणि वाटाडे मात्र त्यांनी स्थानिक कुटुंबांचेच निवडले होते आणि मोबदला मध्यस्थाशिवाय रोख दिला जात होता. हे मी दोन ठिकाणी स्वतः पाहिले. बगानच्या निवासाच्या मालकीणबाईंनी सांगितले की त्या महिन्यात त्यांच्याकडे आलेला परदेशी गट आमचाच पहिला. यावरून जाणे योग्यच ठरते असा माझा दावा नाही. माझ्या मुलाचे मत अजूनही वेगळे आहे आणि ज्याला हा हिशेब पटत नाही त्याने जाऊ नये. ज्यांची औषधे रोजची आहेत किंवा ज्यांना तातडीच्या वैद्यकीय मदतीची गरज भासू शकते, अशांनीही सध्या जाऊ नये; मंडालेत ती वेळेत मिळेल असे मला वाटले नाही.

परत आल्यावर मी विमा, चहाच्या दुकानातला प्रसंग आणि पत्रकावरचे छायाचित्र या तिन्ही गोष्टी संस्थेला लेखी कळवल्या. आठवड्याने उत्तर आले. छायाचित्र बदलले आहे, आणि विम्यातले वगळलेले कलम आता मराठीत टंकून नोंदणी अर्जाच्या पहिल्याच पानावर, सही करण्याच्या जागेच्या वर छापले आहे; मी कार्यालयात जाऊन तो अर्ज पाहून आलो. राजकारणाविषयीची सूचना मात्र अजून शेवटच्या पानावरच आहे. डिसेंबरअखेर निघणारी पुढची तुकडी त्यांनी स्वतःहून रद्द केली आणि विमानाच्या तिकिटाचे परत न मिळणारे साडेनऊ हजार रुपये वजा करून बाकीची रक्कम सर्वांना दिली. हे साडेनऊ हजार जातील, हे त्यांनी नोंदणीच्या दिवशीच सांगितले होते, असे त्या तुकडीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी मला सांगितले.